कूपरचं सोडा, डेव्हीचं बोला

काकडीच्या विमानतळावर उतरणारं संध्याकाळचं विमान आमच्या पेरूच्या बागेवरून जातं. २०१७ मध्ये शिर्डीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा बागेतल्या बाया हातातलं काम थांबवून वर बघायच्या. आता राहात्यात शेळ्यासुद्धा मान वर करत नाहीत.

मागच्या महिन्यात मी घरून काम करत होतो. माझा चुलतभाऊ लोणीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप मिटून मी ओट्यावर आलो तर हा मोबाईल घेऊन बसलेला. डोक्यावरून विमान गेलं आणि त्याने विचारलं, "दादा, डी. बी. कूपर कोण असेल रे? मला तर वाटतं तो मेलाच नाही." पावणेदोन तासांचा व्हिडिओ त्याने पूर्ण बघितला होता. सेमिस्टरच्या एकाही विषयाचा एवढा अभ्यास त्याने केला नसेल.

मी चिडलो, आणि हा लेख त्या चिडण्यातून आलाय. पण ज्यांनी 'लोकी'मधला तो एक प्रसंग सोडून कूपरबद्दल काही ऐकलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगतो. गोष्ट भारी आहे, हे मान्यच.

२४ नोव्हेंबर १९७१. अमेरिकेतल्या पोर्टलंडहून सिॲटलला जाणारं नॉर्थवेस्ट ओरिएंट कंपनीचं बोइंग ७२७. काळा टाय लावलेला, चाळिशीतला एक माणूस डॅन कूपर या नावाने तिकीट काढून बसतो. उड्डाण झाल्यावर हवाईसुंदरीला चिठ्ठी देतो की बॅगेत बॉम्ब आहे. मागणी दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट. सिॲटलला पैसे मिळतात, तो ३६ प्रवाशांना सोडून देतो, विमान पुन्हा वर न्यायला लावतो. उंची दहा हजार फुटांच्या आत, वेग कमी, चाकं खालीच. या विमानाला शेपटाखाली उघडणारा जिना असतो. रात्री आठ वाजून गेल्यावर, पावसात आणि कडाक्याच्या थंडीत, तो त्या जिन्यावरून खाली उडी टाकतो. संपलं. माणूस नाही, प्रेत नाही, पॅराशूट नाही. १९८० मध्ये आठ वर्षांच्या एका पोराला कोलंबिया नदीच्या वाळूत ५,८०० डॉलर सापडले, त्यांचे नंबर जुळले. बाकी पैसे आजपर्यंत कुठे आले नाहीत. एफबीआयने ४५ वर्षं शोध घेऊन २०१६ मध्ये हात टेकले.

त्याचं नाव 'डी. बी.' नव्हतंच, हेही सांगून ठेवतो. सुरुवातीच्या गोंधळात बातमीदारांच्या हातून चुकीचं नाव छापलं गेलं आणि तेच जगभर चिकटलं. पहिल्याच दिवशी प्रॉडक्शनला गेलेला बग, पन्नास वर्षांत कुणी दुरुस्त केलेला नाही.

आता कबुली. होस्टेलवर असताना माझीही थिअरी होती. माझ्याकडे एक एक्सेल शीट होती. वीस डॉलरच्या दहा हजार नोटा, एक नोट साधारण एक ग्रॅमची, म्हणजे दहा किलोचं गाठोडं पोटाला बांधून उडी. त्याने नेलेल्या पॅराशूटपैकी एक वर्गात शिकवण्यासाठीचं होतं, शिवून बंद केलेलं. ते त्याला ओळखता आलं नाही, म्हणून तो कसलेला उडीबाज नसणार, म्हणून तो मेला, असा माझा निष्कर्ष. खालच्या बंकवरचा मित्र म्हणायचा की १९७२ मध्ये रिचर्ड मॅकॉय नावाच्या माणसाने तशाच विमानातून पाच लाख डॉलर घेऊन उडी मारली, तो धडधाकट खाली उतरला आणि दोन दिवसांनी पकडला गेला, मग कूपर का मरेल? रात्री दोनपर्यंत आम्ही भांडायचो. मजा यायची.

म्हणून "ह्यात नुकसान काय?" हा प्रश्न मला कळतो. चुलतभावाने तोच विचारला. कुणी मेलं नाही, पैसे विमा कंपनीचे आणि विमान कंपनीचे, आपण फक्त डोकं चालवतोय.

कुणाचं नुकसान झालं ते सांगतो. त्या विमानात टीना मकलो नावाची २२ वर्षांची हवाईसुंदरी होती. बॉम्ब घेऊन बसलेल्या माणसाच्या शेजारी ती काही तास बसून राहिली. त्याच्याशी बोलत राहिली, पायलटला निरोप देत राहिली, पैशांची पिशवी विमानात तिने आणली. प्रवासी सुटले तरी ती आतच होती. कूपरला शेवटचं बघणारी तीच. पुढे ती काही वर्षं ख्रिस्ती मठात राहिली, प्रसिद्धीपासून लांब. आणि हौशी शोधकांनी काय केलं? मठात गेली म्हणजे काहीतरी लपवतेय, अशी थिअरी काढली आणि वर्षानुवर्षं तिचा पिच्छा पुरवला. ज्याने धमकी दिली त्याच्या नावाचे टीशर्ट निघाले, आणि जिने ती धमकी झेलली तिला खुलासे मागितले गेले. नीरजा भनोतच्या विमानाने ५ सप्टेंबर १९८६ ला आपल्याच मुंबईहून उड्डाण केलं होतं. कराचीत प्रवाशांना वाचवताना ती मेली, म्हणून तिचं नाव आपल्याला पाठ आहे. टीना जिवंत राहिली, हा तिचा गुन्हा ठरला की काय कोण जाणे.

हे मला एवढं का लागतं, त्याचं कारण अमेरिकेत नाही, आमच्या वस्तीवर आहे.

मी नववीत असताना एका रात्रीत आमच्या शिवारातल्या तीन विहिरींवरच्या मोटारींची केबल कापून नेली. तांब्याचा भाव ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. सकाळी सगळी वस्ती विहिरीवर जमली आणि तासाभरात चोर ठरला. एका बागाईतदाराकडे सालगडी होता, त्याचा मुलगा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याच्याकडे नवीन मोबाईल होता, एवढा पुरावा. तो मोबाईल त्याने द्राक्षांच्या सीझनला छाटणी करून घेतला होता, हे त्याची आई सांगत होती. कुणी ऐकलं नाही. मी तर पुढे होऊन सांगितलं की आदल्या दिवशी मी त्याला विहिरीकडे जाताना बघितलंय. खरंच बघितलं होतं. तो रोजच तिथे अंघोळीला जायचा, हेही मला माहीत होतं. पण तेवढं मी बोललो नाही, कारण मोठी माणसं पहिल्यांदाच माझं बोलणं लक्ष देऊन ऐकत होती.

पोलिसात कुणी गेलं नाही. सालाचा हिशोब अर्धवट टाकून ते कुटुंब दिवाळीआधी निघून गेलं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा केबल गेली, दोन विहिरींची. तेव्हा मात्र कुणी थिअरी मांडली नाही. सगळे गप्प होते. मीही.

आता वाटतं, केबल 'कोणी' नेली हे आम्ही तासाभरात ठरवलं, पण केबल 'कशी' जाते हे एकदाही विचारलं नाही. लाईट असताना कुणी केबलला हात लावत नाही, म्हणजे लोडशेडिंगचं वेळापत्रक चोराला पाठ होतं. जळलेल्या केबलचं तांबं कुणीतरी विकत घेतं, काटा लावून, रोख पैसे देऊन. ते दुकान कुठलं, हे शोधायला ट्रॅक्टर काढून दोन तास लागले असते. पण तसं विचारलं असतं तर ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे अशा कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं. सालगड्याच्या पोरावर बोट दाखवायला काही पडत नव्हतं.

कूपरचंही तसंच आहे. तो सापडला काय, न सापडला काय, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून तर तो इतका आवडतो.

तर त्या संध्याकाळी मी चुलतभावाला म्हणालो, विमान, पॅराशूट आणि गायब झालेला माणूस असंच पाहिजे असेल तर आपल्याकडे एक आहे. मुंबई विमानतळावरचा. त्याला किम डेव्ही हे नाव माहीत नव्हतं. 'जग्गा जासूस' त्याने बघितला होता, त्यातली आकाशातून पडणारी शस्त्रं आठवत होती. ती खरोखर पडली होती, हे त्याला माहीत नव्हतं.

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यावरून एक अँतोनोव्ह-२६ जातीचं मालवाहू विमान गेलं. झालदा, खटंगा, बेलामू, मारामू या गावांच्या शिवारात पॅराशूटला बांधलेल्या पेट्या पडल्या. सकाळी शेतात गेलेल्या लोकांना त्यांत बंदुका दिसल्या. शेकडो एके-४७ रायफली आणि दहा लाखांहून जास्त काडतुसं. एखाद्या छोट्या युद्धाला पुरेल एवढा माल, आपल्यासारख्याच लोकांच्या शेतात.

माल टाकून ते विमान पळून गेलं का? अजिबात नाही. ते कोलकात्याला उतरलं. तिथून थायलंडला गेलं. आणि चार दिवसांनी पुन्हा भारतावरून कराचीकडे निघालं! एवढी हिंमत कूपरला झाली नसती. या वेळी मात्र हवाई दलाच्या मिग-२१ ने ते अडवलं आणि २१-२२ डिसेंबरच्या मध्यरात्री मुंबईच्या विमानतळावर उतरायला लावलं. विमानात सात माणसं होती. लॅटव्हियाहून आलेले पाच वैमानिक-कर्मचारी, पीटर ब्लीच हा ब्रिटिश शस्त्रदलाल, आणि किम डेव्ही या नावाने वावरणारा एक डॅनिश माणूस, या सगळ्या बेताचा सूत्रधार.

सहा पकडले गेले. सातवा, म्हणजे डेव्ही, मुंबई विमानतळावरून निघून गेला.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वर जाऊन वाचलं होतं. लढाऊ विमानाने घेरून उतरवलेलं विमान. काळोखी रात्र, पाऊस, जंगल यातलं काहीही नाही. पॅराशूटही नाही. कुंपण असलेली, दिवे लावलेली, पहारा असलेली जागा, आणि त्यातून देशाला सर्वांत हवा असलेला माणूस बाहेर पडतो. कूपर कसा निसटला ते आपल्याला फुटांत आणि मिनिटांत माहीत आहे. डेव्ही कसा निसटला, याचं अधिकृत, पटेल असं उत्तर तीस वर्षांत सामान्य माणसाच्या हातात आलेलं नाही.

आणि हे काही बेसावध असताना घडलं नव्हतं. या सौद्याची खबर ब्लीचने स्वतःच आधी ब्रिटनमधल्या यंत्रणांना दिली होती. ब्रिटनने ती भारताला कळवली. म्हणजे शस्त्रं पडायच्या आधी दिल्लीत कुणाच्या तरी टेबलावर कागद होता. पश्चिम बंगाल सरकारला पाठवलेला इशारा रजिस्टर पोस्टाने गेला आणि शस्त्रं पडून गेल्यावर पोचला, असं तेव्हा छापून आलं होतं. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे अलर्ट वाजला आणि कुणी बघितला नाही, असं झालं तर दुसऱ्या दिवशी बैठक लागते. त्या बैठकीत 'कुणाची चूक' हा प्रश्न बाजूला ठेवतात. अलर्ट कुणाकडे गेला, किती वाजता गेला, पुढच्या माणसाला का पोचला नाही, हे मिनिटामिनिटाने लिहून काढतात आणि सगळ्या टीमला वाचायला देतात. एका शॉपिंग ॲपचं पेमेंट वीस मिनिटं बंद पडलं म्हणून आम्ही अकरा पानं लिहिली होती. पुरुलियाची अकरा पानं कुठे आहेत?

पुढचं थोडक्यात. पकडलेल्या सहा जणांना २००० साली कोलकात्याच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. तुरुंगात असताना पाचही कर्मचाऱ्यांना रशियाचं नागरिकत्व मिळालं होतं. रशियाने शब्द टाकला आणि त्याच वर्षी ते राष्ट्रपतींच्या माफीने सुटले. ब्लीच २००४ मध्ये तसाच सुटला. आणि डेव्ही? नील्स होल्क हे त्याचं खरं नाव. तो डेन्मार्कमध्ये उघड राहतो. २००८ मध्ये त्याने आपल्या कारनाम्यांवर पुस्तक लिहिलं, 'ते मला दहशतवादी म्हणतात' अशा अर्थाच्या नावाचं. आपण कूपरचा पत्ता शोधतोय, आणि याचा पत्ता पुस्तकवाल्याकडे आहे.

२०१० मध्ये डेन्मार्कचं सरकार त्याला भारताच्या हवाली करायला अटींवर तयार झालं. तिथल्या न्यायालयाने ते रोखलं, २०११ मध्ये वरच्या न्यायालयानेही रोखलं. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताची नवी मागणी पुन्हा फेटाळली गेली. कारण प्रत्येक वेळी तेच, भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे. हे वाचून माझं रक्त तापलं होतं. पुरुलियाच्या शेतात बंदुकांच्या पेट्या टाकणाऱ्याच्या मानवी हक्कांची एवढी काळजी? पण शांत झाल्यावर शोधलं, तर छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली आहे आणि तो अजून कायम केलेला नाही. म्हणजे त्या न्यायाधीशांना जे वाटतं ते खोडून काढायचा सोपा रस्ता आपल्या हातात आहे, आणि आपण तो अडीच दशकांहून जास्त काळ घेतलेला नाही. डेव्ही मुंबईतून एकदा निसटला आणि कोपनहेगनच्या परिसरात आपण त्याला दर वेळी नव्याने निसटू देतो.

इथे चुलतभाऊ खुश झाला. "म्हणजे वरूनच कुणीतरी सोडला असणार!" त्याचे डोळे कूपरच्या वेळी चमकत होते तसेच चमकायला लागले.

मी त्याला तिथेच थांबवलं, आणि तुम्हालाही थांबवतो. डेव्ही स्वतः २०११ पासून हेच सांगत फिरतोय की भारतातल्या सत्ताधाऱ्यांचा या कटात हात होता, बंगालमधलं डाव्यांचं सरकार घालवायचं होतं, एका खासदाराने त्याला पळायला मदत केली. सरकारने आणि सीबीआयने हे नाकारलं. त्या खासदारानेही नाकारलं. शस्त्रं आनंदमार्गींसाठी होती हे सीबीआयचं म्हणणं, आणि त्या संघटनेने ते नाकारलं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य हवाली न होण्यावर टिकून आहे, त्याची थिअरी त्याच्या सोयीची असणारच. ती उचलून व्हॉट्सॲपवर फिरवणं म्हणजे पुन्हा सालगड्याचं पोर शोधणं. फरक इतकाच की या वेळी पोर मोठ्या घरातलं आहे, म्हणून ते करताना आपल्याला शूर वाटतं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला अगदीच फालतू वाटत नाही. कूपर म्हणजे करमणूक, डेव्ही म्हणजे राजकारण. दिवसभर कॉलेज, क्लास, नोकरीची चिंता, त्यात संध्याकाळी तासभर माणसाला कोडं सोडवू द्या की. सोडवा. मीही सोडवतो. पण पावणेदोन तास बघून, कमेंटमध्ये भांडून, पॅराशूटचा मेक आणि मॉडेल पाठ करून जी हुशारी आपण खर्च करतो ती खरी हुशारी आहे. हौशी लोकांनी कूपरच्या टायवरचे धातूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेत! त्यातली शंभरावा हिस्सा हुशारी मुंबई विमानतळाच्या एका रात्रीवर खर्च करायला आपल्याला कुणी अडवलं आहे?

अडवलं आहे, काही प्रमाणात. २०११ च्या जूनमध्ये सीबीआयला माहिती अधिकाराच्या कायद्यातून जवळजवळ बाहेर काढलं गेलं. गुप्तचर संस्था आधीपासूनच बाहेर आहेत, कलम २४ मध्ये. पण विमानतळ प्राधिकरण त्या यादीत नाही. आणि त्याच कायद्याचं कलम ८, उपकलम ३ असं सांगतं की वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती मागितली तर माहिती नाकारायची बहुतेक कारणं चालत नाहीत. देशाची सुरक्षा, संसदेचा विशेषाधिकार, मंत्रिमंडळाची कागदपत्रं एवढीच उरतात. त्या घटनेला २०१५ मध्येच वीस वर्षं झाली. विमान किती वाजता टेकलं, ते कुठल्या जागी उभं केलं, त्याच्याजवळ पहिलं कोण गेलं, पोलिसांना निरोप किती वाजता गेला आणि ते किती वाजता आले. यात सुरक्षेचं गुपित कुठलं आहे? हे वेळांचे आकडे आहेत. आमच्या भाषेत लॉग.

चुलतभाऊ थोडा हिरमुसला. त्याला कट पाहिजे होता, मी त्याला वेळापत्रक देत होतो. पण पोरगं इंजिनिअरिंगचं आहे, लॉग म्हटल्यावर जरा सरसावून बसलं. केंद्र सरकारच्या माहिती अधिकाराच्या पोर्टलवर अर्जाला दहा रुपये पडतात, ते त्याने यूपीआयने भरायची तयारी दाखवली. प्रश्न आम्ही दोघांनी मिळून लिहिले. त्याचा पहिला प्रश्न होता, 'डेव्हीला कुणी सोडले?' तो मी खोडला. त्या जागी लिहिलं, '२१ व २२ डिसेंबर १९९५ च्या मध्यरात्री मुंबई विमानतळावर उतरलेल्या अँतोनोव्ह-२६ विमानाच्या आगमनाची, ते उभे केल्याच्या जागेची व त्याच्याजवळ पाठवलेल्या कर्मचाऱ्यांची नोंद द्यावी.' एकूण पाच प्रश्न झाले. लिहिता लिहिता आईने दोनदा जेवायला हाक मारली.

"तीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर ठेवलं असेल का पण?" त्याने विचारलं.

नसेलही. मग सहावा प्रश्न टाकला. 'सदर नोंद नष्ट केली असल्यास, ती कोणत्या तारखेस व कोणाच्या आदेशाने, ते कळवावे.' सबमिट दाबलं तेव्हा पावणेदहा झाले होते. नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट त्याने काढून ठेवलाय. तीस दिवसांतले अजून अकरा बाकी आहेत.